तुम्ही विचारलंत म्हणून

"डॉक्टर, मुलाची सुंता करून घ्यावी का?" रास्ता पेठेतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न सतत येतो, आणि बहुतेक वेळा आवाज खाली आणून. विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. काहींना धर्माप्रमाणे करायची असते. काहींना कुणीतरी सांगितलेलं असतं, "कातडी मागे जात नाही, ऑपरेशन लागेल."

आधी दुसऱ्यांना उत्तर देतो, कारण तिथे विनाकारण इजा होते. जन्मतः शिश्नावरची ही कातडी आतल्या टोकाला चिकटलेलीच असते. डग्लस गेर्डनर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४९ साली दाखवून दिलं की जेमतेम ४ टक्के नवजात मुलांची कातडी मागे जाते. बाकीच्यांची वाढत्या वयात आपोआप सुटते, काहींची थेट वयात येताना. तोवर शू करताना थोडा फुगा येतो, आत साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसतात. तो पू नसतो, सुटणाऱ्या कातडीचा मळ असतो. तरीही अंघोळ घालणाऱ्या मावशी तेल लावून रोज ओढतात आणि घरातले मान डोलावतात. कृपा करून ओढू नका. कातडी चिरते, व्रण धरतो, आणि नसलेला आजार खरोखरच होतो. धनकवडीचं एक तीन वर्षांचं पोर रात्री अकराला आलं होतं. मागे ओढलेली कातडी पुढे येईना, टोक सुजून निळसर झालेलं. त्या आईचं रडणं मी विसरलेलो नाही.

पांढरट, कडक कडं तयार झालं तर ऑपरेशन करावं लागतं. वारंवार जंतुसंसर्ग होत असेल तरी विचार करावा लागतो. नुसती घट्ट असेल तर काही आठवडे स्टेरॉइडचं मलम लावून बहुतेकांचं काम भागतं.

आता धर्म. याच पेठेत बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सुक्कथ शेलोमो हे सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे हे 'शनिवार तेली' पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलले, आणि अब्राहामाचा देवाशी झालेला करार म्हणून आठव्या दिवशीची सुंता त्यांनी सोडली नाही. मुसलमानांत काही घरी खतना म्हणतात, काही घरी सुन्नत. कुराणात तिचा उल्लेख नाही, आधार हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा आणि वागण्याच्या नोंदींचा आहे. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, त्यांच्याकडे ती बंधनकारक. हनफी पंथात ती सुन्नत, म्हणजे पैगंबरांची प्रथा मानतात, बंधनकारक नाही, पण पाळतात तितक्याच निष्ठेने.

डॉक्टरांचंही एकमत नाही. डच डॉक्टरांच्या संघटनेने २०१० साली वैद्यकीय कारणाशिवाय मुलांची सुंता करू नये असं म्हटलं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली फायदे धोक्यांपेक्षा जास्त असल्याचं सांगितलं, पण सरसकट सगळ्यांची करा असं नाही. एचआयव्हीचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटतो हे खरं, पण ते आफ्रिकेतल्या प्रौढ पुरुषांच्या अभ्यासातून आलंय. त्यावरून पुण्यातल्या तान्ह्या बाळाची सुंता ठरवणं मला पटत नाही.

माझं मत असं आहे. धर्मासाठी करत असाल तर मी कारण विचारणार नाही. आजारासाठी म्हणत असाल तर आजार दाखवा. आणि दोन्हीकडे भूल, निर्जंतुक हत्यारं आणि शिकलेला हात हवाच. मूत्राचं छिद्र खालच्या बाजूला असेल तर हात लावू नका, कारण ते दुरुस्त करायला हीच कातडी लागते.

शिवाय रक्ताचं विचारा. दोन भाऊ सुंतेनंतर दगावले असतील तर तिसऱ्याची करू नये, असं ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथातच आहे. कोंढव्यातल्या एका कुटुंबाला मी विचारलं, "मामाकडे कुणाचं रक्त थांबत नाही, असं झालंय?" आई नाही म्हणाली. मागे बसलेली नानी हळूच म्हणाली, "दात काढला तेव्हा माझ्या मुलाचं चार दिवस वाहत होतं." तपासणीत बाळाला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार निघाला. दावतीचे निरोप गेले होते, तरी त्यांनी तारीख पुढे ढकलली. पुढे मोठ्या रुग्णालयात आधी रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठचं इंजेक्शन देऊन त्याची सुन्नत झाली.