कोळशातला ओलावा आणि अडलेले ऊर्जा लेखापरीक्षण

नाशिक परिसरातील मोठ्या कारखान्यांना कायद्याने बंधनकारक असलेले ऊर्जा लेखापरीक्षण करून देणे आणि त्यानंतरची विवरणे भरण्यास मदत करणे, हे माझे रोजचे काम आहे. सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर अशा सगळ्या औद्योगिक वसाहतींत या कामासाठी माझे जाणे-येणे असते. सिन्नरच्या एका कापडप्रक्रिया कारखान्यात हे काम ज्या जागी अडून बसले, तिचा त्रास अजून माझ्या मनातून गेलेला नाही. तीच अडचण इतरांनाही येते असे दिसल्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा आहे. या कायद्याखाली ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ऊर्जा वापरणारे उद्योग ‘डेझिग्नेटेड कन्झ्युमर’ म्हणून अधिसूचित होतात. कापड उद्योगासाठी ही मर्यादा वर्षाला 3000 टन तेल समतुल्य, म्हणजे बोलीभाषेत 3000 टीओई, अशी ठरवण्यात आली; एक टीओई म्हणजे एक कोटी किलोकॅलरी उष्णता. विजेच्या एका युनिटला 860 किलोकॅलरी धरल्यास केवळ विजेवर ही मर्यादा गाठायला सुमारे 3.49 कोटी युनिट लागतील. प्रक्रिया कारखान्यात मात्र बॉयलरचा कोळसाच हा आकडा कितीतरी आधी ओलांडून देतो. एकदा नाव अधिसूचित झाले की प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापक नेमणे, दर तीन वर्षांनी मान्यताप्राप्त लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घेणे आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे 30 जूनपर्यंत, वार्षिक ऊर्जा विवरण सादर करणे बंधनकारक होते. हे विवरण ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे आणि आपल्या राज्यात महाऊर्जाकडे, म्हणजे राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेकडे, जाते.

प्रत्यक्ष मोजमापे अडचणीशिवाय झाली. फुटलेले स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणाऱ्या झडपा), कॉम्प्रेस्ड हवेची गळती, गटारात सोडून दिले जाणारे गरम कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी) आणि कापड वाळवणाऱ्या स्टेंटर यंत्राच्या धुराड्यातून वाया जाणारी उष्णता सापडली. या सगळ्यावरचे उपाय आणि त्यांचा परतावा आम्ही मांडून दिला आणि कारखान्याच्या लोकांनी उत्तम साथ दिली. काम अडले ते कोळशाच्या उष्मांक मूल्यावर, म्हणजे एक किलो कोळसा जळून किती उष्णता मिळते त्या आकड्यावर, आणि तेही कारखान्यात नव्हे, तर दुसऱ्या शहरातल्या मुख्यालयाच्या खरेदी विभागात.

कोळशाचे उष्मांक मूल्य प्रयोगशाळेच्या अहवालात एकाहून अधिक आधारांवर दिलेले असते. नमुना हवेत वाळवून काढलेले मूल्य वेगळे आणि कोळसा ट्रकमधून जसा उतरतो त्या ओल्या अवस्थेतले मूल्य वेगळे. बॉयलरमध्ये जातो तो ओला कोळसा आणि वजनकाट्यावर मोजला जातो तोही ओलाच, म्हणून विवरणात ‘प्राप्त स्थितीतले’ मूल्य भरावे लागते. उदाहरणादाखल, वाळवलेल्या नमुन्याचे मूल्य 5800 किलोकॅलरी प्रति किलो, एकूण ओलावा 24 टक्के आणि वाळवल्यानंतरही उरणारा ओलावा 12 टक्के असेल, तर प्राप्त स्थितीतले मूल्य 5800 ला 76 ने गुणून 88 ने भागल्यावर सुमारे 5009 येते. दहा हजार टन कोळशावर हा फरक 791 टीओई इतका होतो. मोठ्या उद्योगांना ऊर्जाबचतीचे लक्ष्य ठरवून देणाऱ्या केंद्राच्या ‘पॅट’ योजनेत वाचवलेल्या एका टीओईमागे एक ऊर्जाबचत प्रमाणपत्र मिळत असे आणि लक्ष्य चुकले तर तितकीच प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागत, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक केवढा गंभीर आहे ते कळते.

खरेदी विभागाने पाठवलेल्या सगळ्या प्रमाणपत्रांवर फक्त वाळवलेल्या नमुन्याचा आकडा होता. एकूण ओलाव्याचा रकाना असलेले पान मागितले, तर उत्तर आले, “साहेब, पुरवठादाराला आम्ही ज्या आकड्यावर पैसे देतो तोच आकडा तुम्ही घ्या, दुसरा कशाला हवा?” त्यांच्या व्यवहारापुरते ते बरोबरही असेल, पण बिलाचा आधार आणि जळणाचा आधार एक नसतो. मी हे ई-मेलने कळवले, फोनवर समजावले आणि आकडेमोड करून पाठवली. दर वेळी तीच प्रमाणपत्रे नव्या नावाच्या फाइलमध्ये परत येत राहिली. इकडे जून सरत चालला होता. विवरण न भरल्यास कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तो पडला असता कारखान्यावर, ज्या माणसाने पान अडवून धरले होते त्याच्यावर नव्हे. त्या दिवसांत माझा संताप झाला होता हे मी लपवणार नाही.

शेवटी वाट सापडली ती कारखान्याच्याच प्रयोगशाळेत. तिथल्या रसायनतज्ज्ञ मॅडम बॉयलरला जाणाऱ्या कोळशाचा ओलावा रोज ओव्हनमध्ये तपासत होत्या आणि त्याची नोंद एका जाड रजिस्टरमध्ये ठेवत होत्या. पानांचे कोपरे कोळशाच्या भुकटीने काळे झाले होते, पण प्रत्येक ओळीत नमुन्याचे वाळवण्यापूर्वीचे वजन, नंतरचे वजन आणि टक्केवारी स्वच्छ अक्षरात लिहिलेली होती. पावसाळ्याच्या महिन्यांत ओलावा कसा चढत गेला तेही त्यात स्पष्ट दिसत होते. वर्षभराच्या त्या नोंदी वजनकाट्याच्या पावत्यांशी जुळवून आम्ही प्राप्त स्थितीतले मूल्य काढले. पडताळा म्हणून बॉयलरची कार्यक्षमता दोन्ही पद्धतींनी तपासली: प्रत्यक्ष पद्धतीत मिळालेल्या वाफेची उष्णता जळणाच्या उष्णतेशी ताडतात, अप्रत्यक्ष पद्धतीत वाया गेलेली उष्णता मोजून वजा करतात. खरेदी विभागाचा आकडा धरला की प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष पद्धतींच्या उत्तरांत जवळपास दहा टक्क्यांची तफावत येत होती, आणि रजिस्टरमधला ओलावा धरला की दोन्ही उत्तरे जुळत होती. हा तक्ता समोर ठेवल्यावर मुख्यालयाला बोलायला जागा उरली नाही आणि विवरणावर सही झाली. त्या रजिस्टरबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की कोळसा खरेदीच्या करारातच दोन्ही आधारांवरचे उष्मांक मूल्य आणि एकूण ओलावा देण्याची अट घालावी. नमुना ढिगाच्या एकाच बाजूने उचलू नये, आणि घेतल्याबरोबर दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ओलावा उडून जातो. ज्या वर्षाशी बचतीची तुलना होते त्या आधारभूत वर्षात जो आधार धरला होता तोच मूल्यमापनाच्या वर्षात धरला आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे. तो बदलला तर कागदावर खोटी बचत दिसते किंवा खरी बचत नाहीशी होते, आणि तपासणीस येणाऱ्या लेखापरीक्षकाचे लक्ष पहिल्यांदा तिथेच जाते.

विजेच्या बाबतीतही असेच एक ठिकाण आहे. एप्रिल 2020 पासून महावितरणची उच्चदाब बिले केव्हीएएच वर, म्हणजे पॉवर फॅक्टरचा परिणाम धरून मोजलेल्या विजेवर, आकारली जातात, त्यामुळे बिलातला ठळक आकडा उचलून विवरणात भरण्याचा मोह होतो. विवरणात मात्र केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली युनिटे, लागतात आणि तो आकडा बिलावर वेगळा छापलेला असतो. कामगार वसाहत किंवा शेजारचे गोदाम त्याच मीटरवर असेल, तर त्यांचा वापर उपमीटरने वेगळा दाखवावा.

विवरण ज्या पोर्टलवर भरायचे त्याच्या खात्यावर नोंदवलेला ई-मेल नोकरी सोडून गेलेल्या ऊर्जा व्यवस्थापकाचा तर नाही ना, हे एप्रिलमध्येच तपासून घ्यावे. सिन्नरला तोही जुनाच निघाला होता आणि तो बदलून घेण्यासाठी लागणारे पत्र पुन्हा त्याच मुख्यालयातून आणावे लागले.