मोहोळ ते बाळे: तीस किलोमीटरला पाच तास

चाकणहून सकाळी सातला निघालो. लोखंडी रॅकचा माल, हैदराबादला द्यायचा होता. पाटस, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चौपदरी रस्ता आहे, झोप येते, चहा प्या. खरी गोष्ट सोलापूरच्या अलीकडं, मोहोळपासून सुरू होते.

गाडी २०१४ ची, सेकंड हँड, आधी हिमाचलात सफरचंदं ओढलेली. म्हणून केबिनमध्ये हीटर. विकणारा म्हणाला होता, "हीटरचे पाइप जुने आहेत, पण आपल्याकडं हीटर लावतंय कोण?" मीही हसलो होतो. तिथंच फसलो. हीटर लावा नाहीतर नका लावू, लाइनीत बंद करायचा कॉक नसेल तर इंजिनचं उकळतं पाणी त्या दोन पाइपांतून दिवसभर फिरतच असतं. माझ्या गाडीला कॉक नाही. केबिनमधलं बटण फिरवलं की फक्त हवेची झडप हलते, पाणी थांबत नाही. पाइप फुटला की रेडिएटरच रिकामा होतो.

आठ दिवस रोज सकाळी अर्धा-पाऊण लिटर पाणी कमी भरायचं. जमिनीवर डाग नाही, म्हणून मी "उन्हाळा आहे" म्हणून वर ओतत राहिलो. गळती इंजिनच्या मागच्या बाजूला होती आणि पाणी गरम ब्लॉकवर पडून तिथंच वाळत होतं. पांढरट-हिरवट खपली धरली होती. टॉर्च मारला असता तर दिसली असती.

मोहोळ ओलांडलं तेव्हा दुपारचा एक वाजलेला, मे महिना, आणि तापमानाचा काटा चढायला लागला. ड्रायव्हर लोक सांगतात की इंजिन तापलं की हीटर फुल लावा, उष्णता केबिनमध्ये निघते. सल्ला खरा आहे. मी लावला. तोंडावर भट्टीसारखी झळ यायला हवी होती, आली नुसती बाहेरची हवा. क्लीनर पोरगा म्हणाला, "मालक, हीटर बिघडलाय, बरं झालं." मलाही बरंच वाटलं. काटा वर आणि हीटर गार, याचा अर्थ हीटरपर्यंत पाणीच पोचत नाहीये, हे डोक्यात आलं नाही. मग दोन मिनिटांत काटा अचानक खाली आला आणि आम्ही दोघं खूश! तो काटा पाण्यात बुडालेल्या सेन्सरवर चालतो. पाणी संपलं आणि सेन्सर हवेत लटकला, तर तो खोटं बोलतो. चढलेला काटा आपोआप पडला, तर गाडी तिथंच बाजूला घ्या. पुढचा ढाबा, पुढची सावली शोधू नका. मी शोधली. केबिनमध्ये गोडसर वास आला, मग फुस्स झालं, हीटरचा पाइप फुटला आणि काच धुक्यानं भरली.

पाऊण तास रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पोरगा फडकं घेऊन उघडायला निघाला होता, त्याला मागं ओढला. झाकणाच्या दाबाखाली कूलंट शंभरच्या वरही उकळत नाही, पण दाब सुटला की एकदम उसळतं. तोंड भाजतं.

पोरगा एका मोटरसायकलवाल्याच्या मागं बसून मोहोळला परत गेला आणि पारदर्शक, आत पांढरी जाळी असलेला प्लॅस्टिकचा पाइप घेऊन आला. दोन फुटांचे ₹४००! "ट्रॅक्टरला हाच लावतात," असं दुकानदारानं ठोकून दिलं. थंड पाण्याला, फवारणीला तो चालतो, इंजिनला नाही. मला कळत होतं, तरी लावला, कारण ऊन होतं आणि डोकं चालत नव्हतं. सावळेश्वर टोल नाका दिसायला लागला तोवर पाइप शेवईसारखा मऊ पडून क्लिपमधून सुटला. हॉटेलवाल्यानं दिलेलं वीस लिटर बोअरचं पाणी रस्त्यावर.

मग एक मिस्त्री स्वतःहून थांबला. बोनेटमध्ये डोकावला, हात लावला नाही, आणि म्हणाला, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सीलची पट्टी) गेली, हेड उतरवावं लागेल, क्रेनसकट ₹१८,००० होतील. अशा वेळी घाबरून हो म्हणू नका. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ नसेल, आणि पाणी भरून इंजिन चालू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत नसतील, तर हेडकडं लगेच बोट दाखवायचं कारण नाही. माझी पट्टी काळी कुळकुळीत होती. त्याला नमस्कार केला.

शेवटी जे आधीच करायचं होतं ते केलं. हीटरचे दोन पाइप असतात, जाणारा आणि येणारा. जाणारा फुटला होता, येणारा शाबूत होता. शाबूत पाइप हीटरकडून सोडवला, फुटका काढून टाकला, आणि शाबूत पाइपाचं सुटं टोक वळवून इंजिनच्या दुसऱ्या नोझलवर चढवलं. म्हणजे हीटर वगळून इंजिनचं पाणी इंजिनातच. वळण मोठं ठेवा, नाहीतर पाइप दुमडतो. नोझलमध्ये लाकडाचं बूच ठोकायचा सल्ला कोणी देईलच. नको. बूच दाबानं उडतं, आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडं पाणी सोडणारी झडप) उघडण्याआधी पाणी याच वाटेनं फिरतं. तारेनंही आवळू नका, तार रबर कापते. दोन जास्तीच्या क्लिपा गाडीत ठेवा, ₹३० ला एक मिळते. माझ्याकडं नव्हत्या, फुटक्याच्या काढून वापरल्या.

चिंचोळी एमआयडीसी, केगाव, विद्यापीठ, सगळं चाळीसच्या वेगानं. सहाला सोलापूरच्या वेशीवर, बाळ्यात पोचलो. गाडी तिथंच लावली आणि फुटका तुकडा पिशवीत घालून रिक्षानं शहरात गेलो. हे नक्की करा. नमुना नेला नाही तर "कुठल्या गाडीचा?" या प्रश्नात अर्धा तास जातो. नमुना दाखवला की दुकानदार आतल्या तोंडावर बोट फिरवतो आणि म्हणतो, "पाच सूत." पाच सूत म्हणजे १६ मिलिमीटर, दुसरं माप सहा सुताचं, १९ मिलिमीटरचं. पाच सुताच्या नोझलवर सहा सुताचा पाइप क्लिप आवळून बसवून देणारे आहेत. घेऊ नका, उद्या गळणार. पाइप ईपीडीएम म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या रबराचा, मध्ये धाग्याची वीण असलेला घ्या. डिझेलचा पाइप वेगळा असतो, काळा दिसतो म्हणून तोच लावू नका. मीटरला ₹२४० पडले. म्हणजे दोन फुटांचे दीडशेही नाहीत, आणि मी प्लॅस्टिकला चारशे मोजले होते.

बाळ्यातला मिस्त्री चांगला निघाला. आधी हसला. "सोलापुरात हीटर? हितं आम्ही घरातनं गरम होऊन भायेर येतो मालक." मग पोऱ्याला "ए, दहाचा पाना आण बे," आणि फुटका तुकडा हातात घेऊन उलटा केला. फाट लांब नव्हती, करंगळीच्या नखाएवढी. पण तिच्याभोवती रबर घासून चकचकीत झालेलं आणि आतला धागा दिसत होता. पाइप धरणारी पट्टी कधीतरी कोणी काढली आणि परत लावली नाही, म्हणून तो ब्रॅकेटच्या धारेवर वर्षभर करवतीसारखा चालत होता. शिवाय वरून डिझेलचा थेंब पडत होता, त्यानं तेवढी जागा फुगून स्पंजासारखी झालेली. नुसता पाइप बदलला असता तर सहा महिन्यांत पुन्हा तेच. मिस्त्रीनं डिझेलच्या लाइनीचा बॅन्जो बोल्ट (आतून पोकळ, ज्यातून डिझेल जातं तो) वॉशर बदलून आवळला, पट्टी नवी मारली, आणि जुन्या ट्यूबचा तुकडा उभा चिरून पाइपावर चढवला. मजुरी ₹५००. द्यायला जीव दुखला नाही.

हीटर कायमचा काढून टाकू का, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. डिसेंबरात पहाटे भिगवणला उजनीच्या पाण्यावरचं धुकं काचेवर बसतं, तेव्हा हीटरशिवाय पुसत बसावं लागतं.

रेडिएटर भरताना घाई नको. हीटरच्या लाइनीत हवा अडकते. झाकण उघडं ठेवून, हीटर फुल लावून इंजिन चालू ठेवा, वरचा मोठा पाइप हातानं दाबत राहा, पातळी खाली जाईल तसं भरत जा. केबिनमध्ये खरी झळ आली की हवा निघाली. बोअरच्या पाण्यानं क्षार बसतो, म्हणून ते सगळं काढून टाकलं, आणि निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीचं, म्हणजे डिस्टिल्ड, पाणी भरलं. हिरव्या कूलंटमध्ये गुलाबी मिसळू नका.

रात्री शेंगा चटणी-भाकरी खाऊन निघालो, हैदराबाद, माल उतरवला, परत. काही झालं नाही.

येताना मोहोळला थांबलो, चारशे रुपयांचं बोलायला. पारदर्शक पाइपाचं वेटोळं दाराशीच टांगलेलं होतं. दुकानदार जेवायला गेला होता.