माया असताना दोन वर्षे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहीत आहे. मागच्या आठवड्यात दर्यापूरहून अमरावतीला जाताना एसटीत तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. मुलगी बारावी झाली असून बौद्धिक अक्षम मुलांना शिकवण्याचा डिप्लोमा करायचा म्हणते, असे सांगून तुम्ही विचारलेत, "मॅडम, अशा लेकरायले सांभाळ्याले माया लागते. त्याच्यासाठी दोन वर्षं शिका काहून लागते?" तेवढ्यात स्टँड आले आणि उत्तर अर्धवट राहिले. हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात, हळदीकुंकवात, शाळेच्या फाटकाशी अनेकांनी विचारला आहे. म्हणून आज ते उत्तर पूर्ण करते.

माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाला सारे गाव बाळ्या म्हणत असे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीही ते बाळ्याच होते. आजी त्यांना रोज स्वतःच्या हाताने भरवी, पायजम्याची नाडी बांधून देई, शेतात कापूस वेचायला जाताना सोबत नेऊन धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसवी. तिची माया कमी होती असे मी कधीही म्हणणार नाही. तिच्या जिवावरच ते जगले. पण ती गेली, त्यानंतर तीन दिवस काकांच्या पोटात दुधाखेरीज काही गेले नाही, कारण समोरच्या ताटातली भाकर आपल्या हाताने तोंडात घालायची असते हे त्यांना कोणी कधी शिकवलेच नव्हते. चौथ्या दिवशी माझ्या आईने त्यांना भरवले आणि आजीची जागा आईने घेतली.

त्या वेळी मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते आणि वर्गात कार्यविश्लेषण शिकवले जात होते. एखादे काम त्याच्या लहानात लहान पायऱ्यांत मोडून पाहणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. आपण 'घास घेतला' असे दोन शब्दांत म्हणतो. मी वहीत लिहू लागले तेव्हा भाकर तळहाताच्या कडेने दाबून धरणे, अंगठा आणि दोन बोटांनी तुकडा मोडणे, तो वरणात बुडवणे, निथळू देणे, उचलणे, तोंडाशी नेणे, ओठ उघडणे अशा अकरा पायऱ्या निघाल्या. यांतल्या शेवटच्या पायरीपासून शिकवायला सुरुवात करण्याची एक रीत आहे, तिला उलट साखळी म्हणतात. आधीचे सगळे आपण करायचे आणि अखेरचे तेवढे शिकणाऱ्यासाठी ठेवायचे, म्हणजे प्रत्येक वेळी काम त्याच्याच हाताने पुरे होते आणि त्याचे फळ, इथे तर खरोखरीचा घास, त्याला लगेच मिळते.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आले. काकांच्या हातात घास देऊन, त्यांच्या मनगटाखाली माझा हात धरून तो ओठांपासून दोन बोटांवर आणायचा आणि तिथे थांबायचे, असे ठरवले. लिहायला सोपे वाटते, पण पहिल्या दिवशी घास तसाच हवेत राहिला, काका माझ्याकडे पाहत राहिले आणि आईच्या डोळ्यांत पाणी आले. चौथ्या दिवशी त्यांनी मान पुढे केली. मग अंतर चार बोटांचे झाले, मग वीतभर, मग माझा हात मनगटावरून कोपराकडे गेला, आणि मी परत गेल्यावर आईने वहीतल्या खुणांप्रमाणे हेच पुढे चालवले. होळीला त्यांनी पुरणपोळी स्वतः मोडली. अर्धी ताटाबाहेर पडली, तेव्हा आईने सवयीने हात पुढे केला आणि मला तो धरून ठेवावा लागला.

तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर याच प्रसंगात आहे. आपला हात कधी पुढे करायचा, किती करायचा आणि नेमक्या कोणत्या क्षणी मागे घ्यायचा, हे मायेला आपोआप कळत नाही. आजीला ते कळले नाही, मला शिकवल्यावर कळले.

बाकीच्या अभ्यासक्रमातही बरेच काही असते. मद्रासची म्हणून ओळखली जाणारी एक विकास मूल्यमापन पद्धत आहे. तिच्यात १८ क्षेत्रांतली ३६० कौशल्ये एकेक करून पाहावी लागतात आणि मुलाला जे येते तेही तितक्याच काळजीने नोंदवावे लागते, कारण प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा त्यावरूनच बनतो. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तिथेच नीट समजते. आपल्याकडे दोन्हींना 'डोक्यात फरक' म्हणतात आणि दोन्हींसाठी अंगारा आणतात. यांतल्या पुष्कळ मुलांना फिट येतात. तेव्हा चप्पल किंवा कांदा हुंगवायचा नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, मुलाला कुशीवर वळवायचे, घड्याळ पाहायचे आणि झटका पाच मिनिटांहून लांबला तर दवाखाना गाठायचा. वसतिगृहात रात्री दोन वाजता हे आठवावे लागते.

आता प्रवेशाविषयी, कारण तिथे मी स्वतः फसले आहे. डिप्लोमाच्या आधी मी तालुक्याच्या ठिकाणी एका खासगी संस्थेचे तीन महिन्यांचे प्रमाणपत्र घेतले होते. वडिलांनी तूर विकून फी भरली आणि त्या कागदाला कुठल्याही शाळेने विचारले नाही. १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रमच चालतो. तो पूर्ण झाल्यावर परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि नोंदणीशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करणे हा गुन्हा आहे. म्हणून पैसे भरण्याआधी त्या महाविद्यालयाला यंदाची मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर मुलीला स्वतः पाहू द्या. बारावीला किमान ५० टक्के गुण लागतात. शंका राहिलीच, तर नागपूरला दिव्यांगांसाठीचे केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे, तिथे जाऊन विचारा.

उतरता उतरता तुम्ही आणखी एक गोष्ट म्हणालात: वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी कुठे डिप्लोमा केला होता? तुमचे म्हणणे मला लागले, कारण आमच्या जिल्ह्यात या कामाचे नाव निघाले की मीही आधी त्यांच्यापुढेच हात जोडते. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना त्यांनी आपले नाव दिले, त्यांचे संसार उभे केले, आणि अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नये, यासाठी ते वर्षानुवर्षे सरकारशी भांडत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ते त्या मुलांचे बाप आहेत. तुमची मुलगी नोकरीला लागेल तेव्हा तिच्यासमोर आठ-दहा मुले असतील, त्यांच्या आया आपापल्या गावी असतील आणि तिला दिवसाचे सहा तास मिळतील. बापाला जन्मभराचा वेळ असतो, शिक्षिकेला तो नसतो. तिला पद्धत लागते.

आणि ती पद्धत पुढे शेतापर्यंत पोहोचते. आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा आज गावात कापूस वेचतो. बोंडातून कापूस ओढताना पाला चिकटू द्यायचा नाही आणि कवडी, म्हणजे किडका कडक कापूस, वेगळ्या पिशवीत टाकायची, एवढे शिकवायला आम्हाला दोन हंगाम लागले. शेतमालक संध्याकाळी त्याच्या हातावर दहा रुपये ठेवून "घे, खाऊ खाजो" म्हणत असे. त्याच्या शाळेतल्या बाईंनी काट्याजवळ उभे राहून इतरांसारखाच किलोचा भाव मागितला, तेव्हा मालकाने दिला. त्या मुलाला आता स्वतःच्या पिशवीचा काटा कळतो.

अर्ज भरण्याआधी मुलीला एक दिवस आमच्या शाळेत पाठवा. तिला दुपारच्या पंगतीत बसवू. मुले सांडतील, उशीर लावतील, एखादे तिच्याकडे पाहून तोंड उघडेल. तिने फक्त शेजारी बसायचे आणि भरवायचे नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तो तास कसा गेला, हे तिला विचारा आणि मग अर्जाचे ठरवा.