गायरानावरचा खेळ: स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरची गोल्फची मैदानं

सेंट अँड्र्यूज या स्कॉटलंडमधल्या गावाला जाणार असाल तर शक्यतो रविवारी पोचा. तिथलं सगळ्यात जुनं मैदान, म्हणजे ओल्ड कोर्स, त्या दिवशी खेळासाठी बंद असतं. बंद म्हणजे फाटकाला कुलूप नाही, उलट फाटकच नाही. गावातली माणसं लेकरं घेऊन, कुत्री घेऊन, बाबागाड्या ढकलत त्या जगप्रसिद्ध हिरवळीवरून निवांत फिरत असतात. आपण परभणीहून आलोय की पॅरिसहून, कुणी विचारत नाही. स्विल्कन नावाच्या ओढ्यावरच्या दगडी पुलावर उभं राहून फोटो काढायला तेवढी रांग असते.

हा दौरा खरा दाजींचा होता. फौजेत असताना ते गोल्फ शिकले आणि निवृत्तीनंतरही खेळ सुटला नाही. त्यांची ही जुनी इच्छा होती, भाचा स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबऱ्यात, शिकत होता, ताई निघाली, तिच्याबरोबर मीही निघालो. माझी हयात माती तपासण्यात गेली. गोल्फबद्दल माझं मत काही चांगलं नव्हतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस बघितलेल्या माणसाला हौसेच्या हिरवळीवर सोडलेलं पाणी सहन होत नाही. त्या किनाऱ्यावरची मैदानं बघितल्यावर हे मत पूर्ण नाही, पण बरंच बदललं. खेळणाऱ्यांइतकंच न खेळणाऱ्यांनीही तिकडं का जावं, ते सांगायला हे लिहितोय.

समुद्र आणि शेतीची जमीन यांच्यामध्ये तिथं वाळूच्या टेकाडांचा एक पट्टा आहे. नांगर लावून उपयोग नाही, पीक येत नाही. म्हणून शेकडो वर्षं तिथं मेंढरं चरली, सशांनी बिळं केली आणि गावातली पोरंटोरं काठ्या घेऊन चेंडू मारत फिरली. आपल्याकडचं गायरानच म्हणा ना. अशा जमिनीवरच्या मैदानांना लिंक्स म्हणतात. गोल्फ वाढला तो या पडीक जमिनीवर, राजवाड्याच्या बागेत नव्हे. 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेनं या खेळावर बंदी घातली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून गोल्फ आणि फुटबॉलच्या मागं लागले होते. म्हणजे तेव्हाच तो लोकांच्या अंगात किती भिनला असेल बघा.

सेंट अँड्र्यूजच्या गायरानाचा इतिहास तर आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं वाचावा असा आहे. 1552 साली तिथल्या आर्चबिशपनं सनद दिली. ससे त्यानं पाळावेत, पण गावकऱ्यांचा तिथं गोल्फ खेळण्याचा हक्क अबाधित राहील, असा तो करार. पुढं गावाची तिजोरी रिकामी झाली आणि 1797 मध्ये ही जमीन ससेपालन करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हातात गेली. मग वीसेक वर्षं भांडणं चालली, कोर्टातही आणि मैदानावरही. शेवटी 1821 साली शेजारच्याच एका जमीनदारानं ती विकत घेऊन खेळासाठी राखली आणि 1894 च्या कायद्यानं ती पुन्हा गावाच्या मालकीची झाली. आज तिथं 7 कोर्स आहेत आणि सगळे एका सार्वजनिक न्यासाकडं आहेत. गेलेलं गायरान परत मिळाल्याचं उदाहरण मी एवढ्या जवळून प्रथमच पाहिलं आणि त्या फेअरवेवर, म्हणजे खेळाच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, उभं असताना आपल्याकडच्या गेलेल्या गायरानांची यादी डोक्यातून जाता जात नव्हती.

आता माती. एका बंकरच्या कडेला मी चांगला बसूनच घेतलं. बंकर म्हणजे वाळूचा खड्डा. इथं त्याची भिंत गवतासकट कापलेल्या मातीच्या पट्ट्या एकावर एक रचून उभी करतात. जवळून पाहिलं की थर मोजता येतात आणि दोन थरांच्या मधून बारीक मुळं लोंबत असतात. खालची वाळू करडी, ढेकूळ नावालाही नाही. मुठीत धरली की निसटते. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि चैत्र-वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते. चांगला पाऊस पडला की वाफसा यायला दिवस मोजत बसावं लागतं. तिथं सकाळी सडकून पाऊस झाला आणि दुपारी दाजींचा चेंडू कोरड्या जमिनीवरून घरंगळत गेला. निचरा म्हणतात तो हा.

गवताचीही गोष्ट तशीच. आपल्या देशातल्या बहुतेक मैदानांवर जे गवत लावतात ते म्हणजे आपली हराळी, जिच्या मुळ्या वेचता वेचता शेतकऱ्याची कंबर मोडते. तिथं फेस्क्यू नावाचं सुईसारख्या पानांचं गवत आहे. ते हलक्या, उपाशी जमिनीत तग धरतं आणि जास्त खत घातलं तर दुसरी जाड गवतं येऊन त्याला हुसकावतात. ग्रीन, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीची हिरवळ, आणि टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, यांना पाणी देतात, पण फेअरवे पुष्कळसे पावसाच्याच भरवशावर. 2018 च्या उन्हाळ्यात याच किनाऱ्यावरच्या कार्नुस्टीला ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा झाली तेव्हा मैदान पिवळं-तपकिरी पडलं होतं, आणि जाणकारांना ते तसंच आवडलं, कारण कडक जमिनीवर चेंडू लांब पळतो आणि डोकं वापरावं लागतं. हिरवंगार म्हणजे चांगलं, ही समजूत इथं चालत नाही. आपल्या भागात कधी कुणी गोल्फचं मैदान करायला निघालंच, तर त्यानं आधी इथं येऊन हे तपकिरी गवत बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

खेळणाऱ्यांसाठी ओल्ड कोर्सची व्यवस्था अशी. हंगामात एका राउंडचे, म्हणजे पूर्ण मैदान एकदा खेळायचे, 300 पौंडांच्या वर पडतात, म्हणजे 30 हजार रुपयांच्या पुढं. वर्षभर आधीचं आरक्षण मिळालं नाही तर रोजच्या सोडतीत नाव घालायचं. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या 2 दिवस आधी दुपारपर्यंत नाव द्यावं लागतं, 2 ते 4 जणांचा गट लागतो. एकटा खेळाडू असेल तर आदल्या दिवशी प्रत्यक्ष गावात जाऊन नाव नोंदवायचं. हँडिकॅपचं, म्हणजे आपल्या खेळाच्या पातळीचं, प्रमाणपत्र आपल्या क्लबकडून आधीच घेऊन ठेवा. आमचं नाव सोडतीत निघालं नाही. दाजी शेजारच्या न्यू कोर्सवर खेळले. नाव न्यू असलं तरी तो 1895 चा आहे, टेकाडं तीच, वारा तोच आणि पैसे बरेच कमी. उतरल्यावर त्यांचा चेहरा बघून मी विचारलं, "दाजी, ओल्ड राहिला, वाईट वाटतंय का?" ते म्हणाले, "अरे, वारा होता ना समोर. आणखी काय पाहिजे!"

नवशिक्यांसाठी बाल्गोव्ह हा 9 होलचा (होल म्हणजे चेंडू घालायचं भोक आणि टीपासून तिथवरचा टप्पा) छोटा कोर्स आहे, तिथं कुणी हँडिकॅप विचारत नाही. आणि ज्यांनी जन्मात काठी धरली नाही त्यांच्यासाठी हिमालयाज. ओल्ड कोर्सला लागूनच उंचसखल हिरवळ आहे, फक्त पटिंग करायचं, म्हणजे चेंडू हळूच घरंगळवत होलमध्ये घालायचा. 1867 साली स्थापन झालेल्या बायकांच्या क्लबची ही जागा, आता सगळ्यांना खुली. काही थोडे पौंड द्यायचे, पटर, म्हणजे त्याची काठी, आणि चेंडू मिळतो. ताईनं नऊवारी नेसायची सोडली नाही, पदर खोचला आणि सुरू केलं. चेंडू चढावर जायचा, माथ्यावर क्षणभर थांबायचा आणि परत तिच्या पायाशी यायचा. शेजारच्या दोन म्हाताऱ्या बायांनी तिला खुणेनं दाखवलं, होलकडं नाही, उताराकडं मार. पुढचा चेंडू लांबून वळसा घेत आला आणि आत पडला. त्या दोघींनी टाळ्या वाजवल्या. भाषेवाचून काही अडलं नाही. सगळ्या प्रवासात ताई सगळ्यात जास्त रमली ती इथं.

चालणाऱ्यांना एक हक्क माहीत असावा. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्यानं कुणालाही गोल्फ कोर्स ओलांडून चालत जाता येतं. अटी दोन: खेळात अडथळा आणायचा नाही आणि ग्रीनवर पाय द्यायचा नाही. कुणी चेंडू मारायला उभा असेल तर थांबा, हलू नका, बोलू नका. "फोर!" अशी सावध करणारी आरोळी ऐकू आली तर कुठून आली ते बघत बसू नका, डोक्यावर हात घेऊन खाली वाका. ओल्ड कोर्सच्या पहिल्या आणि अठराव्या होलमधून तर सार्वजनिक रस्ताच जातो. माणसं समुद्राकडं जातात, खेळाडू थांबतात.

एडिंबऱ्याहून सेंट अँड्र्यूजला रेल्वे थेट जात नाही. तासाभरावर लूकर्स स्टेशनला उतरून बस घ्यायची. जाताना डब्यात उजव्या हाताला बसा. 1890 चा फोर्थचा पोलादी पूल संपला की फाइफ या परगण्याचा किनारा लागतो आणि बराच वेळ समुद्र सोबत राहतो.

फाइफमध्येच इलीला जाऊन या. तिथल्या पहिल्या टीसमोर टेकाड आहे, पलीकडचे खेळाडू दिसत नाहीत. म्हणून तिथं एक्सकॅलिबर नावाच्या पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय. त्यातून बघायचं, पुढचा गट लांब गेला असेल तर मारायचं. इली ते क्रेल किनाऱ्यानं पायवाट आहे, मधे मासेमारीची छोटी गावं. चालायची सवय असेल त्यानं हा टप्पा सोडू नये.

एडिंबऱ्याच्या पूर्वेला नॉर्थ बेरिक. रेल्वेनं अर्धा तास. एकच मैदान बघायला वेळ असेल तर मी हे सांगेन, सेंट अँड्र्यूजच्याही आधी. मैदानातून जुन्या दगडी बांधांच्या ओळी जातात आणि खेळणारा त्यांच्यावरून चेंडू उडवतो. तेराव्या होलला ग्रीनच्या अगदी पुढ्यात कमरेएवढा बांध आहे. आपल्याकडं जेसीबी लावून तो एका सकाळी काढला असता. त्यांनी तो ठेवला आणि आज जगभरातले लोक तो बघायला येतात. पंधरावा होल रेडान, याच्या नकला जगात ठिकठिकाणी झाल्यात. समोर समुद्रात बास रॉक हा खडक उभा आहे. त्याचा पांढरा रंग गॅनेट पक्ष्यांचा आणि त्यांच्या विष्ठेचा. या जातीच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या वसाहतींपैकी ही एक. बंदरातून बोटी जातात, पण समुद्र खवळला की रद्द होतात, म्हणून पहिल्या दिवशीच चौकशी करा.

मसलबरा एडिंबऱ्याला खेटूनच आहे. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आत 9 होल. दिसायला साधं, पण 1672 साली इथं गोल्फ खेळल्याची लेखी नोंद आहे आणि होल कापायचं यंत्र 1829 साली इथलंच. त्याचं सव्वाचार इंचाचं माप पुढं जगभर ठरलं. जुन्या पद्धतीच्या लाकडी दांड्याच्या काठ्या भाड्यानं मिळतात. शर्यतीच्या दिवशी खेळ बंद, तारीख बघून जा.

कार्नुस्टी कसलेल्या खेळाडूंसाठी. शेवटच्या होलमध्ये बॅरी बर्न हा ओढा आडवातिडवा फिरतो. 1999 च्या ओपनमध्ये फ्रान्सच्या व्हॅन डी वेल्डेची हातात आलेली स्पर्धा याच ओढ्यानं घालवली. नुसतं बघायला जायचं तर नॉर्थ बेरिकइतकं तिथं काही नाही.

मेच्या शेवटी आणि जूनमध्ये जा. इकडं रोहिणी लागतात तेव्हा तिकडं 12-15 अंश असतं आणि रात्री 10 वाजेपर्यंत उजेड. त्यामुळं संध्याकाळचे स्वस्त राउंड बऱ्याच ठिकाणी मिळतात. गॉर्सची काटेरी झुडपं तेव्हा पिवळ्या फुलांनी भरलेली असतात आणि फुलांना ओल्या खोबऱ्याचा वास येतो. चेंडू त्यात गेला तर सोडून द्या, बाभळीच्या काट्यांची सवय असली तरीसुद्धा. छत्री नेऊ नका, वारा उलटी करतो. टोपी असलेलं पावसाळी जाकीट आणि कानटोपी न्या. हार नावाचं समुद्री धुकं भर दुपारी येऊन मैदान झाकून टाकतं. तासाभरात जातं किंवा दिवसभर राहतं, म्हणून बोट आणि खेळ दोन्हीसाठी एखादा दिवस हाताशी ठेवावा. ऑगस्टमध्ये एडिंबऱ्यात महोत्सव असतो, खोल्यांचे भाव तेव्हा चढतात. गोल्फच्या काठ्या इथून ओढत नेण्यापेक्षा तिथं भाड्यानं घ्या.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाचं अडत नाही, हॅगिस हा तिथला प्रसिद्ध मांसाहारी पदार्थ, तोसुद्धा शाकाहारी मिळतो. धपाटे न्यायचे तर दही न घालता करा. दूध, दही, तूप, खवा आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेऊ देत नाहीत. शेंगदाण्याची चटणी मात्र भरपूर न्या.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 3 महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे द्यायला आम्ही रात्रीच्या देवगिरीनं मुंबईला गेलो. सकाळी उतरून काम उरकलं आणि त्याच रात्री परतीची गाडी धरली. जूनला जायचं असेल तर हे काम मार्चमध्येच उरका. तिकडच्या खोल्या त्याच्याही आधी बघून ठेवा. सेंट अँड्र्यूजचं विद्यापीठ उन्हाळ्यात वसतिगृहातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देतं, हॉटेलपेक्षा त्या परवडतात.