पॅरिसमधल्या शिवलेल्या निऱ्या

२०११च्या जूनमध्ये आम्ही आठ दिवस फ्रान्समध्ये होतो आणि त्यांपैकी सहा दिवसांबद्दल बस व रांगा यांखेरीज सांगण्यासारखे माझ्याजवळ काहीही नाही. सातव्या दिवशी सहलीच्या व्यवस्थापकाने अत्तराच्या दुकानासाठी तीन तास राखून ठेवल्याचे कळताच मी वैतागले आणि सासूबाईंना घेऊन सरळ मोंपार्नासजवळच्या बूर्देल संग्रहालयात गेले. अँत्वान बूर्देल या शिल्पकाराच्या या जुन्या कार्यशाळेत त्या वर्षी मादाम ग्रे या फ्रेंच फॅशन डिझायनरच्या पोशाखांचे प्रदर्शन भरले होते. नऊवारी नेसणाऱ्या सासूबाईंना तेथे कंटाळा येईल, ही माझी भीती साफ खोटी ठरली.

गाउन म्हटले की आपल्याला सकाळी दूध घ्यायला दार उघडताना अंगावर असतो तो सुती गाउनच आठवतो. येथे मात्र हस्तिदंती रंगाच्या रेशमी जर्सी कापडाचा, जमिनीपर्यंत पोहोचणारा संध्याकाळचा पोशाख प्रचंड शिल्पांच्या सान्निध्यात उभा होता आणि त्यांच्यापुढे तो जराही किरकोळ वाटत नव्हता. मादाम ग्रे यांना मुळात शिल्पकारच व्हायचे होते, हे वाचल्यावर त्याचे नवल उरले नाही. आधी कागदावर आकृती काढण्याऐवजी त्या कापड थेट अंगावर किंवा पुतळ्यावर चढवून, टाचण्या लावत पोशाख घडवीत.

छातीजवळच्या चुण्या इतक्या बारीक होत्या, की लांबून त्या कापडाच्या विणीतल्या रेघाच वाटत. सुमारे २८० सेंटीमीटर पन्ह्याचे कापड हाताने एकेक चूण घालत जेमतेम ७ सेंटीमीटरांवर आणले जाई. प्रत्येक चूण आतल्या बाजूने टाक्यांनी धरून ठेवलेली असे आणि कमरेखाली तेच कापड मोकळे सुटून घोळ होई. जर्सी ही विणलेली, ताणली जाणारी जात असल्याने एक टाका जरी ओढला गेला, तरी शेजारच्या चुण्या वाकड्या होणार, हे शिवणकामाचा थोडाफार अनुभव असलेल्या कुणालाही कळेल. अशा एका पोशाखाला तीनशे तास लागत, असे सांगतात. ब्लाउजला हूक लावायचा राहिला म्हणून मी शिंप्याशी किती वेळा हुज्जत घातली आहे, ते आठवून मला तेथे ओशाळल्यासारखे झाले.

सासूबाई इतक्या जवळ वाकल्या, की तेथील सेविकेने हसून त्यांना दोन पावले मागे यायला खुणावले. त्या मागे आल्या, पण नजर तेथेच होती.

"अगं, आपल्या निऱ्या रात्री सुटतात," त्या म्हणाल्या, "हिने त्या जन्मभरासाठी घातल्यात. पण मधली बघ, एकीवर एक चढलेली नाही."

मी विचारले, "तुम्हाला जमेल का?"

"डोळे होते तेव्हा विचारायचं होतंस."

आठव्या दिवशी आम्ही विमानात बसलो. आदल्या रात्री हॉटेलच्या पलंगावर सासूबाईंनी माझी अडीच मीटरची ओढणी पसरली आणि बोटाच्या पेराएवढ्या चुण्या घालत, प्रत्येकीला टाचणी लावत त्या तासभर बसल्या. शेवटी मी पट्टीने मोजले. ओढणी एका वितेच्या खाली काही येईना.