नार्वा : नदीच्या अलीकडे नाटो, पलीकडे रशिया

टॅलिनहून रेल्वेने पूर्वेला दोनशे किलोमीटर गेलं की एस्टोनिया संपतो. शेवटचं स्टेशन नार्वा. युक्रेनची आघाडी इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी युद्धाची झळ कुठवर पोचते, ते इथल्या पुलावर दिसतं.

अलीकडे हर्मन किल्ला, समोर इव्हानगोरोदचा रशियन किल्ला. पलीकडे गळ टाकून बसलेली माणसं साध्या डोळ्यांनी दिसतात. फेब्रुवारी 2024 मध्ये रशियाने दुरुस्तीचं कारण देत पुलावरची वाहनं बंद केली. मे महिन्यात एस्टोनियाने रात्रीची ये-जा थांबवली. आता फक्त दिवसा आणि पायी. रांगेत बहुतेक वयस्क बायका, हातात चाकांच्या पिशव्या. कुणाची बहीण पलीकडे, कुणाच्या आईवडिलांची थडगी.

त्याच मे महिन्यात, 23 तारखेच्या पहाटे, रशियन सीमारक्षकांनी नदीतले 24 तरंगते बोये उचलून नेले. प्रकरण किरकोळ वाटेल, पण दोन्ही देशांमधला सीमाकरार 2005 मध्ये आणि पुन्हा 2014 मध्ये सह्या होऊनही लागू झालेला नाही. त्यामुळे पात्रातली रेषा हे बोयेच दाखवतात. एस्टोनियाने निषेध नोंदवला, गोळी झाडली नाही. मला तो संयम शहाणपणाचा वाटला.

शहरात दहातले नऊहून जास्त लोक रशियन बोलतात. मी उतरलो होतो त्या घराची मालकीण त्यांतलीच. जन्म नार्वाचा, पण सोव्हिएत संघ कोसळल्यावर कुठलंच नागरिकत्व घेतलं नाही, म्हणून हातात करडा पासपोर्ट. ऑगस्ट 2022 मध्ये सरकारने नदीकाठचं सोव्हिएत टी-34 रणगाड्याचं स्मारक हलवलं, तो विषय तिनेच काढला.

“मी रडले त्या दिवशी. पण म्हणून मी पुतिनची बाजू घेते असं समजू नका. लग्न झालं की आम्ही सगळे तिथे फुलं ठेवायला जायचो.”

युक्रेननंतर पुढचा नंबर नार्वाचा का, हे मी विचारलंच. ती हसली. “2014 पासून परदेशी पत्रकार येऊन हेच विचारतात. हिवाळ्यात हीटिंगचं बिल किती येतं, ते एकानेही विचारलेलं नाही.”

एस्टोनिया 2004 पासून नाटोत आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये तिन्ही बाल्टिक देशांनी रशियन वीजजाळ्याशी असलेलं नातंही तोडलं. दिवे काही गेले नाहीत. ही तयारी मला पटते. मार्च 2025 ची घटनादुरुस्ती मात्र पटत नाही. तिने एस्टोनियात राहणाऱ्या रशियन नागरिकांचा स्थानिक निवडणुकीतला मताधिकार काढून घेतला. करड्या पासपोर्टवाल्यांना ऑक्टोबर 2025 मध्ये शेवटचं मत देता आलं, त्यानंतर नाही. मॉस्को या लोकांचा वापर करून घेईल ही सरकारची भीती खोटी नाही. पण ज्यांना आपल्याकडे ओढून ठेवायचं, त्यांनाच नगरपालिकेबाहेर उभं करून ती कमी कशी होणार? त्या निवडणुकीआधी बाई म्हणाली होती, “मत देणार. आमच्या गल्लीचा रस्ता अजून तसाच आहे.”