पेपरांचा ग्राफ वर गेला म्हणजे नक्की काय वर गेलं?

लोकसंख्येच्या आरोग्यावरच्या संशोधनाचा ट्रेंड बघायचा म्हटलं की बहुतेकजण एकच करतात, पबमेड (वैद्यकीय पेपरांच्या नोंदी शोधायचं ऑनलाइन भांडार) उघडायचं, विषय टाकायचा, डाव्या बाजूला वर्षांप्रमाणे छोटासा बार ग्राफ येतो तो बघायचा आणि "गेल्या दहा वर्षांत या विषयावरचं संशोधन झपाट्याने वाढलं आहे" असं लिहून मोकळं व्हायचं. थीसिसमध्ये, रिव्ह्यू पेपरच्या पहिल्याच परिच्छेदात, फंडिंगच्या अर्जात, सगळीकडे हे वाक्य भेटतं. जगाचं लक्ष कुठल्या आजाराकडे आहे आणि कुठल्याकडे नाही हे छापून आलेल्या पेपरांवरून शोधता येतं ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, म्हणूनच ते वाक्य इतक्या सहज लिहिलेलं दिसलं की जीवाला लागतं.

पहिली गोष्ट भागाकाराची. पबमेडमध्ये आज साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत आणि दरवर्षी दहा लाखांच्या कितीतरी वर नव्या पडतात, त्यामुळे कुठलाही विषय टाका, बार चढतेच दिसणार. त्या वर्षीच्या एकूण पेपरांपैकी आपल्या विषयाचे दर लाखात किती, हे काढलं तरच काहीतरी कळतं. आणि हे काढलं की बरेच "वाढते" विषय सपाट निघतात, काही तर चक्क घसरतात.

आता तो बार ग्राफच जरा जवळून बघू. एखादा पेपर डिसेंबरात ऑनलाइन आला आणि छापील अंकात फेब्रुवारीत, तर पबमेडचा ग्राफ त्याला दोन्ही वर्षांत मोजतो. हे त्यांच्या मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलंय, की सगळ्या बारांची बेरीज आणि सर्चमधला एकूण आकडा जुळेलच असं नाही. एकूण निकाल ४०० आणि बारांची बेरीज त्याहून जास्त, असं दिसलं की लोक गोंधळतात, पण कारण इतकं साधं आहे. शिवाय चालू वर्षाचा बार अर्धवट असतो, तो ग्राफमधून काढून टाकलेलाच बरा, नाहीतर "अलीकडे रस कमी होतोय" असा निष्कर्ष निघतो.

याहून मोठा खड्डा २०१४ च्या आसपास आहे. त्याआधी मेडलाइनच्या, म्हणजे पबमेडमधल्या मुख्य संग्रहाच्या, नोंदीत साधारणपणे फक्त पहिल्या लेखकाची संस्था लिहिली जायची, मग सगळ्या लेखकांच्या संस्था यायला लागल्या. म्हणजे "दोन-तीन देशांनी मिळून केलेलं संशोधन" हा ट्रेंड संस्थेच्या रकान्यावरून काढलात तर २०१४ ला एकदम उडी दिसते, आणि त्यातली बरीचशी उडी निव्वळ नोंद ठेवायची पद्धत बदलल्याची असते. प्रत्यक्षात सहकार्य वाढलंही असेल, पण या रकान्यावरून ते कळत नाही.

मग नावांचा प्रश्न. ५ जून १९८१ ला सीडीसीच्या (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या) साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना झालेल्या एका विशिष्ट न्यूमोनियाची छोटीशी बातमी आली, एड्सची सुरुवात तिथून धरतात. पण त्या मजकुरात एड्स हा शब्दच नाही, कारण सीडीसीने ते नाव वापरलं सप्टेंबर १९८२ मध्ये. व्हायरसला तर आधी एलएव्ही, एचटीएलव्ही-थ्री अशी नावं होती, एचआयव्ही हे नाव १९८६ चं. आता कुणी फक्त "एचआयव्ही" टाकून ग्राफ काढला तर या आजाराकडे पाच वर्षं कुणी बघतच नव्हतं असं वाटेल, आणि त्याच पाच वर्षांत डॉक्टर जिवाच्या आकांताने कारण शोधत होते! आरोग्यातल्या विषमतेचंही तसंच आहे, ब्रिटनमधले लोक इनइक्वालिटीज लिहितात, अमेरिकेतले डिस्पॅरिटीज, कुणी इक्विटी लिहितं, एकच शब्द टाकला की अर्धं जग बाहेर.

यावर उपाय म्हणून मेश आहे, म्हणजे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ठरवून दिलेली विषयांची यादी, १९६० पासूनची. लेखकाने काहीही शब्द वापरला तरी विषयाचं लेबल एकच लागतं. मात्र नवं लेबल आलं की जुन्या पेपरांना ते मागे जाऊन सहसा लावत नाहीत, आणि २०२२ पासून लेबलं लावायचं काम मशीन करतं, माणसं त्यातलं थोडंच तपासतात. त्यामुळे २०२२ च्या आधीचा आणि नंतरचा ट्रेंड जोडताना जपून.

अलीकडे अजून एक भर पडलीय आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. अमेरिकेत एनहेन्स नावाचा राष्ट्रीय आरोग्य आणि पोषण सर्व्हे होतो, त्याचा डेटा कुणालाही फुकट मिळतो, ही खरंतर फार चांगली गोष्ट. पण २०२५ मध्ये पीएलओएस बायोलॉजी या जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं की त्या डेटावरून "एक घटक उचला, एक आजार उचला, संबंध दाखवा" असल्या साच्यातले पेपर २०१४ ते २०२१ मध्ये वर्षाला सरासरी चार येत होते, आणि २०२४ मध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच १९० आले. आता हा ग्राफ काढला तर रेषा कशी सरळ आकाशात जाईल बघा. पण त्यामुळे लोकांच्या आरोग्याबद्दल आपल्याला तेवढं जास्त कळलं का? पेपर मोजताना निदान कुठला डेटा, कुठली पद्धत, साचा तोच का, एवढं तरी वेगळं करून बघायलाच हवं.

एवढं सगळं असूनही मोजणं सोडू नका असंच मी म्हणेन, कारण त्याचा सगळ्यात चांगला उपयोग वाढ दाखवण्यापेक्षा तुटवडा दाखवण्यात आहे. डब्ल्यूएचओच्या अंदाजानुसार सर्पदंशाने दरवर्षी ८१,००० ते १,३८,००० माणसं जातात, आणि अवयव कापावे लागलेले किंवा कायमचे अपंग झालेले त्याच्या साधारण तिप्पट. बहुतेक सगळे शेतात राबणारे गरीब लोक. डब्ल्यूएचओच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत मात्र सर्पदंश वरच्या गटात घेतला गेला २०१७ मध्ये. ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज या अभ्यासाचे (कुठल्या आजाराने किती मृत्यू आणि अपंगत्व येतं याचे) आकडे फुकट डाउनलोड करता येतात, एका बाजूला आजाराचा बोजा ठेवा, दुसऱ्या बाजूला पेपर, आणि बोज्यामागे किती पेपर ते काढा. हा एक आकडा संशोधनाचा पैसा कुठे जातोय ते जितकं उघड करतो तितकं दहा चढत्या रेषा करत नाहीत.

फक्त तेव्हाही पबमेडवर थांबू नका, कारण ज्या देशांत हे आजार आहेत तिथली जर्नल्स त्यात कमी आहेत आणि इंग्रजी सोडून बाकी भाषांमधलं तर फारच कमी. डब्ल्यूएचओचं ग्लोबल इंडेक्स मेडिकस आहे, त्यात आफ्रिका, लॅटिन अमेरिका, आग्नेय आशिया, पूर्व भूमध्य आणि पश्चिम पॅसिफिक अशा पाच भागांचे इंडेक्स एकत्र शोधता येतात. कुणी यातला सर्पदंशाचा डेटा वर्षवार काढून पबमेडमध्येही असलेल्या डुप्लिकेट नोंदी गाळल्या असतील तर मला नक्की कळवा, त्या आकड्यांवर बसून काम करायची खूप इच्छा आहे.